लवचिक जैवरेणूंची संरूपणे : कुलाब्यातील संशोधन

काही प्रथिनांना ठरलेला एकच आकार नसतो. त्यांची साखळी सतत वळत, उलगडत असते. अशा रेणूची रूपे, म्हणजेच संरूपणे, कोणती आणि कोणते किती प्रमाणात, हे मोजमापांवरून ठरवण्याचे काम मुंबईत मुख्यतः कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत झाले.

खरी अडचण सरासरीची. अर्धा दिवस गिरगावात आणि अर्धा दादरला असणाऱ्या माणसाचा सरासरी पत्ता महालक्ष्मी निघतो! एनएमआरमध्ये, म्हणजे अणुकेंद्रांच्या चुंबकीय अनुस्पंदनाच्या मोजणीत, हेच घडते. साखळीतल्या शेजारच्या दोन हायड्रोजनांमधील युग्मन (एकाचा दुसऱ्याच्या संकेतावर होणारा परिणाम) मळसूत्री भागात सु. ४ हर्ट्‌झ, तर ताणलेल्या भागात सु. ९ हर्ट्‌झ असते. मोजणी ६.५ आली, तर ते मधलेच रूप की दोन्हींचे मिश्रण, हे एकट्या आकड्यावरून कळत नाही. म्हणून एकाच प्रतिकृतीऐवजी अनेक रूपांचा संच घेऊन प्रत्येकाला वजन दिले जाते. मात्र मोजमापे थोडी आणि वजने पुष्कळ असल्याने अनेक संच सारखेच जुळतात. संच जुळला एवढ्यावर विसंबणे धोक्याचे.

संस्थेत एनएमआरचा पाया एस. एस. धर्मट्टी यांनी घातला. स्टॅनफर्डला असताना आर्नोल्ड आणि पॅकार्ड यांच्यासह १९५१ मध्ये त्यांनी इथेनॉलचे तीन वेगळे संकेत दाखवले होते. पुढे गिरजेश गोविल आणि रा. वि. होसूर जैवरेणूंकडे वळले. उलगडलेल्या प्रथिनात हायड्रोजनांचे संकेत एकमेकांवर चढतात, नायट्रोजनांचे त्या मानाने पसरलेले राहतात. हे हेरून होसूर यांच्या गटाने २००१ मध्ये एचएनएन व एचएन(सी)एन हे प्रयोग मांडले. त्यांत साखळीतल्या एका घटकाच्या नायट्रोजनावरून शेजारच्या घटकाच्या नायट्रोजनापर्यंत पोचता येते. वाटेत ग्लायसिन या घटकाचा संकेत वेगळ्या चिन्हाचा येत असल्याने खुणेच्या दगडासारखा उपयोगी पडतो. एचआयव्हीच्या प्रोटिएज या प्रथिनाला ६ मोलर ग्वानिडीन या विकारकात (घडी मोडणाऱ्या रसायनात) उलगडून पाहिले, तेव्हा त्यातही ठरावीक रूपांकडे असलेले स्थानिक कल शिल्लक असल्याचे दिसले.

त्याच वर्षी संस्थेतील जी. कृष्णमूर्ती आणि बंगळूरचे जयंत उदगावकर यांच्या गटांनी बारस्टार या छोट्या प्रथिनावर वेगळा मार्ग वापरला. ५३ व्या स्थानावरील ट्रिप्टोफॅन या घटकाची चमक ८२ व्या स्थानावर जोडलेल्या ग्राहक रेणूमुळे किती लवकर मावळते, हे नॅनोसेकंदांत मोजून महत्तम एन्ट्रॉपी पद्धतीने (जुळणाऱ्या संचांतून सर्वांत कमी गृहीत धरणारा निवडून) त्यांनी सरासरीऐवजी या दोन स्थानांमधील अंतरांचे वितरण काढले. इतर मोजमापांवरून घडी एकदम उलगडते असे वाटत होते; प्रत्यक्षात विकारक वाढवत नेला तसे हे अंतर थोडेथोडे वाढत गेले.