शंभरातली सत्तर

ऑगस्ट 2017 मध्ये तळोजा एमआयडीसीतली काही कुत्री निळी झाली. कासाडी नदीत सोडलेल्या रंगाच्या पाण्यात ती उतरली आणि तशीच रस्त्यावर हिंडू लागली. फोटो जगभर छापून आले, प्रदूषण नियंत्रण मंडळाने कारखाना बंद केला, आणि काही दिवसांत कुत्र्यांचा रंगही उतरला. त्यानंतर त्यांच्याकडे कोणी वळून पाहिले नाही. पनवेलमध्ये शिकवताना पहिल्या तासाला मी हेच फोटो दाखवतो आणि विचारतो, ही कुत्री कोणाची? कोणी म्हणते एमआयडीसीची, कोणी महापालिकेची, कोणी गेटवरच्या वॉचमनची. एकदा मागच्या बाकावरून उत्तर आले, “सर, चहावाल्याची.” पोरे हसली. मला मात्र तेच उत्तर सर्वांत बरोबर वाटले. सकाळी ज्याच्या हातून बिस्किटाचा चुरा खातात, त्याच्या शेजारीच ही कुत्री लस टोचून घ्यायला गप उभी राहतात.

रेबीज निर्मूलन या विषयात पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्यांसाठी हे पुस्तक आहे. त्यात पशुवैद्यकाचे विद्यार्थी आले, वॉर्ड ऑफिसातले कर्मचारी आले, आशाताई आल्या, आणि ज्यांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर रोज कुत्र्यांवरून भांडणे होतात ते सोसायटीचे सेक्रेटरीही आले. सगळ्यांचे स्वागत. पुढची प्रकरणे क्रमाने वाचलीच पाहिजेत असे नाही, पण कुत्र्यांच्या हिशेबाचे प्रकरण तेवढे चुकवू नका.

कुत्र्यांमुळे माणसाला होणारा रेबीज 2030 पर्यंत संपवायचा, असा राष्ट्रीय कृती आराखडा केंद्र सरकारने 28 सप्टेंबर 2021 रोजी जाहीर केला. 28 सप्टेंबर हा लुई पाश्चरचा स्मृतिदिन. जागतिक रेबीज दिन म्हणून तोच पाळतात. पण ‘संपवायचा’ म्हणजे काय, हे आधी पक्के करायला हवे. माणसाच्या दंडात टोचलेली लस त्या माणसाला वाचवते. रोग त्याच गल्लीत, त्याच कुत्र्यांत राहतो आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या कोणाला तरी गाठतो. दवाखान्यात कितीही लस खपली तरी रोगाचे मूळ हलत नाही. ते हलवायचे तर लस कुत्र्याला टोचावी लागते. या विषयाचा पाया एवढाच आहे आणि अंमलबजावणीत नेमका तोच निसटतो.

रोग जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात पिसाळलेल्या जनावराच्या दंशाचे वर्णन आहे, आणि पाण्याला भिणारा रोगी वाचत नाही हेही तिथे सांगितले आहे. त्यासाठी सुश्रुताचा शब्द जलत्रास. मराठी घरांतली आठवण मात्र बेंबीभोवतीच्या चौदा इंजेक्शनांची. ती लस डेव्हिड सेंपल यांनी कसौलीला 1911 मध्ये तयार केली. मेंढीच्या मेंदूत विषाणू वाढवून तो फिनॉलने मारायचा, अशी रीत. आपल्याकडे ती 2004 च्या अखेरीस बंद झाली. आज दोन्ही दंडांच्या कातडीत 0.1 मिलिलिटर, पहिल्या दिवशी आणि मग तिसऱ्या, सातव्या, अठ्ठाविसाव्या दिवशी, एवढ्यावर भागते. जखम खोल असेल तर जखमेतच इम्युनोग्लोब्युलिन भरतात. तरीही लोक चौदा इंजेक्शनांच्या धाकाने घरीच चुना नाहीतर तिखट चोळून बसतात. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुणे हा पहिला आणि फुकटचा उपचार आहे. पंधरा मिनिटे म्हणजे किती, हे एकदा घड्याळ लावून बघा. हात दुखून येतो.

आता आकड्यांकडे. नव्या अभ्यासकाला चक्रावून टाकणारी जागा हीच. देशात वर्षाला किती माणसे रेबीजने मरतात? जागतिक आरोग्य संघटनेचा अनेक वर्षे चालत आलेला अंदाज 18 ते 20 हजारांचा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या शास्त्रज्ञांनी 15 राज्यांतल्या 60 जिल्ह्यांत घरोघर जाऊन पाहणी केली. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा अंदाज 5,726 चा आहे. आणि 2024 या वर्षासाठी सरकारने संसदेत सांगितलेले संशयित मृत्यू 54. श्वानदंशाच्या नोंदी त्याच वर्षी 37 लाखांवर. मृत्यूंचे हे तीन आकडे पाहून खोटे कोण बोलतो असे विचारू नका. प्रत्येक आकडा वेगळ्या दाराशी उभा राहून मोजलेला आहे. लक्षणे दिसू लागली की रेबीजवर इलाज जवळजवळ नसतो. डॉक्टर ते सांगतात, नातेवाईक रिक्षा करून माणसाला घरी नेतात, आणि मृत्यू गावच्या नोंदवहीत ‘ताप’ म्हणून चढतो, नाहीतर चढतच नाही. कुत्र्याच्या बाजूने नोंद याहून पातळ. निदान पक्के करायचे तर मेलेल्या कुत्र्याचा मेंदू बर्फात घालून प्रयोगशाळेपर्यंत पोहोचवावा लागतो. रविवारी दुपारी मेलेल्या कुत्र्यासाठी हे कोण करणार? आमच्या विषयातले निम्मे अज्ञान त्या न पोहोचलेल्या डब्यांत आहे.

आता हिशेबाचे प्रकरण. एक पिसाळलेला कुत्रा सरासरी दोनहून कमी कुत्र्यांना रोग देतो. गोवराशी ताडून पाहिले तर हे फारच थोडे. निम्मी कुत्री सुरक्षित असली तरी साखळी तुटायला हवी. मग सत्तर टक्के कुत्र्यांना लस टोचा असे सगळीकडे का म्हणतात? धरा, एका सेक्टरमध्ये शंभर कुत्री आहेत आणि सत्तरांना लस टोचली. वर्षभरात त्यांतली पंचवीस-तीस गाडीखाली येतात, आजाराने जातात. त्यांच्या जागी पिल्ले येतात, ती लसीवाचून. वर्षाअखेर सत्तरची चाळीस-पंचेचाळीस झालेली असतात. सत्तरने सुरुवात केली तरच पुढच्या फेरीपर्यंत कसेबसे निभते. निर्बीजीकरणाने पिल्ले कमी होतात, म्हणजे ही गळती मंदावते. पण निर्बीजीकरण झालेल्या कुत्र्याच्या कानाला पाडलेली खाच जन्मभर राहते आणि त्या वेळी टोचलेली लस राहत नाही. खाच दिसली की लोक निर्धास्त होतात. त्या खाचेवरून यंदाच्या लसीचे काहीच कळत नाही.

कुत्री मारून टाका, हा सल्लाही जुनाच. 1832 च्या जूनमध्ये मुंबईत सरकारने कुत्री मारण्याची मोहीम काढली तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला, बाजार बंद पडले, लष्कर बोलवावे लागले. दोन वर्षांनी जमशेटजी जीजीभॉय यांच्या पुढाकाराने पांजरपोळ उभा राहिला. मुंबईत त्यानंतरही दीडशे वर्षांहून अधिक काळ कुत्री मारली गेली, आणि ना कुत्री संपली ना रेबीज. केंद्र सरकारच्या 2001 च्या आणि मग 2023 च्या नियमांनी पकडा, निर्बीज करा, लस द्या, जागच्या जागी सोडा, ही पद्धत घालून दिली. दिल्लीतली सगळी कुत्री निवाऱ्यांत हलवण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा 11 ऑगस्ट 2025 चा आदेश अकरा दिवसांत बदलला गेला, हे वाचकांना आठवत असेल. दयेचा मुद्दा मी इथे बाजूला ठेवतो. पकडगाडी आली की आधी हाती लागते ते माणसाळलेले कुत्रे, म्हणजे बहुधा लस टोचलेलेच. बुजरी, बिनलसीची मागे उरतात. सत्तरातली कमी होतात आणि तीस तशीच राहतात.

हे आपल्याकडे जमेल का, असे विचारणाऱ्याला मी पत्रादेवीचा नाका ओलांडायला सांगतो. गोव्यात मिशन रेबीज ही संस्था आणि राज्य सरकार यांनी 2014 पासून मोहीम चालवली आणि पुढे वर्षाला लाखाच्या आसपास कुत्र्यांना लस दिली. जाळी घेऊन गल्लीगल्लीत पथके, टोचलेल्या प्रत्येक कुत्र्याची मोबाइलवर नोंद, शाळांत धडे, संशयित कुत्र्याची तपासणी. कुत्र्यांतला रेबीज 92 टक्क्यांनी उतरला. 2018 ते 2020 या काळात माणसाचा एकही मृत्यू नोंदला गेला नाही, आणि जून 2021 मध्ये राज्य ‘रेबीज नियंत्रित क्षेत्र’ जाहीर झाले. अर्थात गोवा लहान. रायगड जिल्हाच त्याच्या जवळजवळ दुप्पट. शिवाय आमच्याकडे माणसाची लस आरोग्य खात्याची, रस्त्यावरचे कुत्रे महापालिकेचे, गाय पशुसंवर्धनाची आणि खारघरच्या खाडीकाठचा सोनेरी कोल्हा वन खात्याचा. विषाणू या चौघांच्या फायली ओलांडून सहज जातो. 1852 मध्ये नगरपालिका मिळालेले पनवेल 2016 मध्ये महापालिका झाले, इमारती डोंगरापर्यंत गेल्या, आणि प्रत्येक बांधकामाबरोबर राखणीची चार कुत्रीही आली. त्यांची यादी कोणत्याच आराखड्यात नसते.

म्हणून माझ्या विद्यार्थ्यांचे पहिले प्रात्यक्षिक मोजणीचे. लस टोचलेल्या कुत्र्याच्या डोक्यावर रंगाचा पट्टा ओढतात, तो दोन-चार दिवस टिकतो. दुसऱ्या दिवशी पहाटे, सफाईच्या गाड्या यायच्या आत, वही घेऊन निघायचे: किती दिसली, त्यात पट्टेवाली किती. मागच्या वर्षी कळंबोलीत मी एका तुकडीबरोबर होतो. टपरीसमोर तीन कुत्री, तिन्हींच्या कपाळावर पट्टा. मुलगी खूश होऊन तीनपैकी तीन लिहू लागली. चहावाल्याने गाळणी झटकली आणि उभ्या असलेल्या टेम्पोकडे बोट केले. “ती काल सापडलीच नाही कुणाला.” आम्ही वाकून पाहिले. मागच्या चाकाशी एक तांबडी कुत्री होती, कपाळ कोरे, आणि तिच्या पोटाशी चार पिल्ले. मुलीने तीन खोडून आठ केले.