बघतो तेवढ्याचेच पैसे

१९९१ च्या आखाती युद्धात मोठ्या हॉटेलांतल्या डिशवर सीएनएन दिसलं, १९९२ मध्ये झी आलं आणि बघता बघता गच्चीवरून गच्चीवर वायरी गेल्या. महिन्याला ठरलेली रक्कम दिली की सगळं दिसायचं. न बघितलेल्याचेही पैसे त्यातच! गिऱ्हाइकाचं म्हणणं तेव्हापासून एकच: मी बघतो तेवढ्याचेच घ्या ना राव.

३१ डिसेंबर २००६ ला दक्षिण मुंबईत (दिल्ली-कोलकात्याच्या काही भागांतही) कॅस लागू झालं. फुकट चॅनेल्सचे मिळून ७७ रुपये आणि पे चॅनेल ५ रुपयांना एक, कर वेगळा. मला हा हिशोब फार आवडला होता. भाजीवाल्याकडे निवडून घेतो तसंच की!

२०१९ मध्ये ट्रायने निवडायची मुभा देशभर दिली. पण आधी नेटवर्क फी १३० रुपये, वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे एकही पे चॅनेल न घेता १५३ रुपये ४० पैसे...

आईला दोनच मराठी चॅनेल्स हवी होती. तासभर यादी केली, बेरजा केल्या आणि शेवटी पॅकेजच घेतलं. ती म्हणाली, "आपला जुना केबलवाला निदान गॅलरीतून हाक मारली की यायचा रे."