गाडी खाली बसवली की देखणी होते, पण मनमाडच्या रस्त्यावर चालते का?

मनमाड म्हटलं की बहुतेकांना आधी रेल्वे जंक्शन आठवतं. पण गाडी चालवणाऱ्यांना हे गाव रस्त्यामुळंही चांगलंच माहीत असतं. पुणे-इंदूर महामार्ग इथून जातो. पानेवाडीच्या इंधन डेपोंचे टँकर, अन्न महामंडळाच्या गोदामाकडं जाणारे धान्याचे ट्रक आणि स्टेशनवर उतरलेल्या भाविकांना शिर्डीला नेणाऱ्या टॅक्सी, असं सगळं याच रस्त्यांवर असतं.

या गर्दीत मधेच एखादी स्विफ्ट किंवा पोलो जमिनीला टेकल्यासारखी दिसते. चाकं मडगार्डच्या आत गेलेली, मॅगव्हील चमकणारी. ती गाडी थांबली की लोक वळून बघतात. गतिरोधक आला की तीच गाडी तिरकी होते आणि एकेक चाक करत मुंगीच्या पावलानं पार होते.

गॅरेजच्या भाषेत याला ‘गाडी खाली बसवणं’ म्हणतात. यानं गाडी देखणी होते, रस्त्याला चिकटून चालते आणि मायलेजही वाढतं, असं सांगितलं जातं. यातलं खरं किती आणि त्याची किंमत काय, ते समजून घेऊ.

गाडी खाली बसवतात म्हणजे काय करतात?

गाडीचं वजन चार स्प्रिंगांवर उभं असतं. स्प्रिंग धक्का झेलते आणि तिची उसळी आवरायचं काम शॉकअप करतो. गाडी खाली आणायची तर स्प्रिंगची उभी उंची कमी करावी लागते. त्याचे मुख्य मार्ग चार आहेत.

पहिला मार्ग म्हणजे कमी उंचीच्या तयार स्प्रिंगा बसवणं. दुसरा कॉइलओव्हर. यात स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असतात आणि उंची कमीजास्त करता येते. तिसरा एअर सस्पेन्शन. यात स्प्रिंगच्या जागी हवेच्या पिशव्या असतात आणि गाडी बटणावर वर-खाली होते. हा सर्वांत महाग. चौथा मार्ग सर्वांत स्वस्त आणि सर्वांत धोक्याचा, तो म्हणजे मूळ स्प्रिंगचे एक-दोन वेढे कापून टाकणं.

दिसायला खरंच चांगली दिसते का?

आवड ज्याची त्याची. पण खाली बसवलेली गाडी अनेकांच्या डोळ्यांत भरते, त्याला कारण आहे. आपल्याकडच्या गाड्यांमध्ये टायर आणि मडगार्ड यांच्यात बरीच मोकळी जागा असते. खड्डे, गतिरोधक आणि पाच माणसांसह भरलेली डिकी डोळ्यांसमोर ठेवून कंपन्या इथल्या गाड्या उंच ठेवतात. ती फट बुजली की चाक मोठं वाटतं आणि गाडी रुंद, ठाशीव दिसते. शर्यतीच्या गाड्या अशाच असतात, त्यामुळं वेगाचा भासही होतो.

म्हणजे दिसण्यापुरता दावा खरा धरायला हरकत नाही. फक्त ती फट कंपनीनं चुकून ठेवलेली नसते. चाकाला वर उचलायला लागणारी ती जागा असते.

‘रोड होल्डिंग वाढतं’ हे कितपत खरं?

काही अंशी खरं आहे. वळणावर गाडीचं वजन बाहेरच्या चाकांवर जातं. गुरुत्वमध्य जितका खाली, तितकं हे वजन कमी सरकतं. समजा गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५० सेंटिमीटरवर आहे आणि गाडी ४ सेंटिमीटर खाली आणली. मग ही सरक सुमारे ८ टक्क्यांनी कमी होते. गाडीखालून जाणारी हवा कमी झाल्यानं मोठ्या वेगात वाऱ्याचा विरोधही थोडा घटतो. गावातल्या वेगात मात्र मायलेजमध्ये जाणवेल असा फरक पडत नाही.

पण इथं एक मेख आहे. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढं मॅकफर्सन स्ट्रट प्रकारचं सस्पेन्शन असतं. गाडी वळणावर एका काल्पनिक बिंदूभोवती कलते, त्याला रोल सेंटर म्हणतात. गाडी प्रमाणाबाहेर खाली आणली की खालच्या आर्मचा कोन उलटा होतो आणि हा बिंदू गुरुत्वमध्यापेक्षाही जास्त खाली जातो. दोघांतलं अंतर वाढतं आणि गाडीला कलंडायला लावणारी तरफ उलट लांब होते. ते आवरायला स्प्रिंग आणखी कडक करावी लागते. थोडक्यात, जितकी खाली तितकी चांगली हा हिशेब एका मर्यादेपुढं चालत नाही.

दुसरी गोष्ट रस्त्याची. खाली बसवलेल्या गाडीचा फायदा गुळगुळीत डांबरावर किंवा ट्रॅकवर दिसतो. नाशिक परिसरात ‘रॅली डी महाराष्ट्र’ ही मोटार रॅली होत आली आहे. अशा मातीच्या रस्त्यांवरच्या रॅलीत वेगासाठी जीव टाकणारे चालकसुद्धा गाडी खाली बसवत नाहीत. ती उंच ठेवतात, कारण चाकाला वर-खाली व्हायला जागा मिळाली तरच ते जमिनीला धरून राहतं.

मनमाडच्या रस्त्यावर गणित कुठं बिघडतं?

आकड्यांत बघू. मारुती स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमीन आणि गाडीचा सर्वांत खालचा भाग यांतलं अंतर, १६३ मिलिमीटर आहे. हा आकडा रिकाम्या गाडीचा. पाच माणसं आणि सामान घेतल्यावर गाडी ४० मिलिमीटर दबली असं धरू. उरले १२३.

आता तीच गाडी ४० मिलिमीटरनं खाली बसवली. स्प्रिंग कडक असल्यानं भरल्यावर ती थोडी कमी, समजा ३०च मिलिमीटर दबेल. तरी उरतात ९३.

आता गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार नेहमीचा गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, गोलाकार हवा. तो ताशी २५ किलोमीटर वेगानं ओलांडता यावा अशी त्याची रचना आहे. स्विफ्टच्या पुढच्या-मागच्या चाकांत अंतर आहे २.४५ मीटर. म्हणजे मानकाप्रमाणं बांधलेल्या गतिरोधकावर चारही चाकं एकाच वेळी चढलेली असतात. अशा वेळी गाडीच्या पोटाखाली उंचवटा येतो जेमतेम साडेचार सेंटिमीटर. ९३ मिलिमीटरवाली गाडीही हळू गेली तर आरामात निघून जाते.

खरी अडचण होते ती घराबाहेर, शाळेसमोर किंवा गल्लीच्या तोंडाशी घातलेल्या अरुंद, टोकदार गतिरोधकांवर. त्यांची रुंदी अर्धा-एक मीटर असते. पुढचं चाक उतरून गेलेलं आणि मागचं अजून चढायचंय, अशा क्षणी पूर्ण १० सेंटिमीटरचा उंचवटा गाडीच्या पोटाखाली असतो. मूळ उंचीची भरलेली गाडी दोन सेंटिमीटर राखून निघते. खाली बसवलेली गाडी घासते. उतरताना गाडी आणखी दबते ती वेगळीच.

घासतं काय, तर सायलेन्सरचा पाइप, पुढचा बंपर आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे इंजिनचं चेंबर. त्यात इंजिन ऑइल असतं. चेंबर फुटलं आणि ऑइलचा दिवा लागूनही गाडी तशीच चालवली, तर इंजिन जाम होऊन खर्च कुठल्या कुठं जातो.

यावर कुणी म्हणेल, समृद्धी महामार्ग आहे की. कोपरगाव-शिर्डीकडं गेलं की तो गाठता येतो आणि तिथं कारला ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. खरंय. पण तिथपर्यंत पोचायचं तर आधी गावातले गतिरोधक आणि अवजड वाहनांचे रस्ते ओलांडावेच लागतात.

धक्के का वाढतात?

चाक ठरावीक अंतरापर्यंतच वर जाऊ शकतं. त्यापुढं रबराचा ठोकळा असतो, त्याला बंप स्टॉप म्हणतात. गाडी खाली बसवली की हे अंतर घटतं. ते निम्मं झालं, तर तोच धक्का निम्म्या अंतरात जिरवावा लागतो, म्हणजे सरासरी बल जवळपास दुप्पट होतं. हा मार शॉकअप, त्याचं माउंटिंग आणि गाडीतल्या माणसांच्या कंबरेला बसतो. घरात वयस्कर माणसं असतील किंवा गाडी प्रवासी भाड्याला लावायची असेल, तर हा मुद्दा दिसण्यापेक्षा मोठा ठरतो.

शिवाय उंची बदलली की चाकांचे कोन बदलतात. वरून आत कललेलं चाक टायरची आतली कड खातं. बाहेरून टायर नवा दिसतो आणि आतून तारा निघालेल्या असतात. त्यामुळं गाडी खाली घेतल्यावर अलाइनमेंट न करणं म्हणजे टायरच्या पैशांवर पाणी सोडणं.

स्प्रिंग कापली तर काय होतं?

स्प्रिंगचे वेढे जितके कमी, तितकी ती कडक. आठ कामाच्या वेढ्यांतले दोन कापले, तर स्प्रिंग सुमारे एकतृतीयांश जास्त कडक होते. शॉकअप मात्र जुन्या स्प्रिंगच्या हिशेबाचाच राहतो. ती उसळी त्याला आवरत नाही आणि गाडी टणाटण उडते.

दुसरा धोका जास्त गंभीर आहे. स्प्रिंगचं टोक तिच्या खाचेत नीट बसेल अशा आकाराचं असतं. कापलेलं टोक तसं बसत नाही. मोठ्या खड्ड्यात चाक लटकलं की आखूड झालेली स्प्रिंग जागेवरून सरकू शकते. गॅसनं तापवून स्प्रिंग बसवणं तर त्याहून वाईट, कारण पोलादाला दिलेलं पाणी उतरतं आणि स्प्रिंग पुढं दबत जाते किंवा तुटते.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील आणि कंपनीनं मुळात दिलेला तपशील यांत तफावत पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. सीएनजी किटसारख्या काही बदलांना ठरावीक अटींवर परवानगी आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळमधल्या एका प्रकरणात कंपनीचा मूळ तपशील बदलता येणार नाही, असं स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२-अ नुसार परवानगी नसलेले भाग बसवून बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

यामागचं कारण सरळ आहे. कोणतंही मॉडेल विक्रीला येण्याआधी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत तपासलं जातं. ब्रेक, स्टिअरिंग, दिव्यांचा झोत हे सगळं त्या मूळ उंचीवर जुळवलेलं असतं.

दंडापेक्षा मोठी रक्कम विम्यात अडकू शकते. कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर सर्व्हेअरला दिसला, तर दावा अडचणीत येतो. सस्पेन्शनची वॉरंटीही हातची जाते.

मग हौस कशी भागवायची?

गाडी भरलेली दिसावी एवढीच इच्छा असेल, तर त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिअंटला कंपनी देते त्या मापाची मॅगव्हील आणि टायर हा सुरक्षित पर्याय आहे. टायरसह चाकाचा बाहेरचा व्यास मूळ मापाइतकाच राहील हे बघावं. गाडी वळणावर जास्त झुलते ही तक्रार असेल, तर आधी शॉकअप आणि बुश तपासावेत. अनेकदा ते थकलेले असतात आणि नवे जोडीनं टाकले की गाडी सावरते.

सेकंडहँड गाडी घेताना तर हे बघाच. टायर आणि मडगार्डमधली फट चारही बाजूंनी बोटांनी मोजा आणि तशाच दुसऱ्या गाडीशी ताडून बघा. टायरच्या आतल्या कडेवर हात फिरवा. गाडी रॅम्पवर घेऊन स्प्रिंगचं टोक कापलेलं आहे का आणि चेंबरवर घासल्याच्या खुणा आहेत का, ते पाहा. एखाद्यानं हौसेनं खाली बसवलेली आणि विकताना घाईत वर घेतलेली गाडी या चार ठिकाणी सापडते.

गाडी खाली बसवल्यानं ती देखणी दिसते, यात वाद नाही. पण घरात एकच गाडी असेल, तीच बाजाराला, दवाखान्यात आणि शिर्डीलाही न्यायची असेल, तर जमिनीपासूनचे ते चार सेंटिमीटर रोज उपयोगी पडतात.