मांसाहाराचे बळ कशात?

वैनगंगेच्या खोऱ्यातील बालाघाट जिल्ह्याचे अन्न भूगोलाने ठरविले आहे. वारासिवनी आणि लांजीकडील सखल मुलखात भाताची शेती. घाट चढून बैहरच्या पठारावर गेले, की कोदो-कुटकी, कंदमुळे आणि एके काळी रानातील शिकार. १९५५ साली कान्हा राष्ट्रीय उद्यान झाले, १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला, आणि बैगा-गोंडांच्या ताटातील रानचे मांस कायद्याने बंद झाले. त्याची जागा कोंबडी-बकरीने घेतली, तरी एक प्रश्न उरतो: मांसाचे बळ मांस या नावात असते, की त्यातील पोषक द्रव्यांत?

या प्रश्नाचा माग काढताना निलगिरीतील कुन्नूर येथे जावे लागते. तेथे रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी १९२० नंतरच्या दशकात एक साधा पण मार्मिक प्रयोग केला. हिंदुस्थानातील सात समाजांचा रोजचा आहार त्यांनी उंदरांच्या सात गटांना दिला आणि वजने केली. शिखांच्या आहारावरील उंदराचे सरासरी वजन २३५ ग्रॅम भरले, पठाणांच्या २३०, मराठ्यांच्या २२५, गुरख्यांच्या २००, कानडी लोकांच्या १८५, बंगाल्यांच्या १८०. आणि मुख्यतः भातावर विसंबणाऱ्या मद्रासी आहारावर अवघे १५५.

यातून ‘मांस खाणारा बलवान’ असा निष्कर्ष काढणे सोपे होते, पण तो चुकीचा ठरला असता. पहिल्या क्रमांकाच्या शीख आहारात मांस आठवड्यातून एकदाच होते. बाकी सारा भार अखंड गव्हाची पोळी, दूध, लोणी, डाळ आणि ताज्या भाज्यांवर. पुढे मॅककॅरिसन यांनी इंग्लंडमधील गरिबांचा आहारही उंदरांना दिला: पांढरा पाव, मार्गारिन, गोड चहा, उकडलेल्या भाज्या, मुरंबा आणि डब्यातील मांस. मांस असूनही ते उंदीर खुरटले, आणि अखेर आपल्यातील दुबळ्यांना मारून खाऊ लागले.

यामागील कारणांपैकी काही पुढे उलगडली. १९२२ साली कॅलिफोर्नियात हर्बर्ट इव्हान्स व कॅथरीन बिशप यांना ई जीवनसत्त्वाचा शोध लागला. १९५७ साली क्लाउस श्वार्झ यांनी सेलेनियम हे द्रव्य उंदरांच्या यकृताचे रक्षण करते हे दाखविले. १९७३ साली ते ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज या विकराचा घटक असल्याचे सिद्ध झाले. प्राणवायूच्या क्रियेने पेशींतील स्निग्ध द्रव्ये बिघडतात. तो बिघाड रोखणाऱ्या या द्रव्यांस प्रतिऑक्सिडीकारक म्हणतात. जनावर जे खाते त्याचा अंश त्याच्या मांसात उतरतो. हिरव्या चाऱ्यावर वाढलेल्या गुराच्या मांसात केवळ धान्यावर पोसलेल्यापेक्षा ई जीवनसत्त्व अधिक असते. हाच धागा धरून पशुखाद्यात ई जीवनसत्त्व व सेलेनियम मिसळून मांस पुष्ट करण्याची रीत पुढे रूढ झाली. असे मांस लवकर खवट होत नाही आणि खाणाऱ्यास ती द्रव्येही मिळतात.

मात्र येथे विवेक हवा. ज्याच्या शरीरात उणीव आहे, त्याची उणीव भरली की वाढ सुधारते. ज्याला पुरेसे मिळते, त्याचे बळ अधिक द्रव्याने वाढतेच असे नाही. सेलेनियम तर अतिरेकाने विषासमान होते. उंदरावरील अनुभव माणसाला जसाच्या तसा लागू पडत नाही, हेही विसरता येत नाही.

म्हणून बैहरच्या पठारावरील मुलाला काय मिळावे, याचे उत्तर केवळ पुष्ट केलेल्या मांसात शोधू नये. रानात चरलेली कोंबडी, सोबत न सडलेले कोदो, डाळ, परसातील पालेभाजी आणि जमेल तेवढे दूध, अशा एकत्र ताटातच कुन्नूरच्या तराजूने दिलेला धडा उतरतो. रानचे मांस गेले. त्याबरोबर कंद, भाजी आणि भरड धान्यही ताटातून जाऊ नये, यातच त्या मुलाचे हित आहे.