एचएल टॉरीची तबकडी

* एचएल टॉरी : वृषभ तारकासमूहातील, सुमारे ४५० प्रकाशवर्षे दूरचा तारा. वय जेमतेम दहा लाख वर्षे, म्हणजे ताऱ्यांच्या हिशेबात तान्हाच. या ताऱ्याभोवतीच्या धुळीच्या तबकडीच्या ज्या चित्राविषयी लेखक बोलतो ते चिलीच्या आटाकामा वाळवंटात, ५,००० मीटर उंचीवर असलेल्या ‘आल्मा’ या रेडिओ दुर्बिणीने टिपले आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. तारा धुळीने वेढलेला असल्याने दृश्य प्रकाशात ही तबकडी झाकलेलीच राहते. आल्मा मात्र त्या धुळीतूनच निघणाऱ्या मिलिमीटर लहरी टिपते. सुमारे १५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या अँटेनांचे संकेत एकत्र जुळवल्यामुळे एवढे बारकावे दिसले. चित्रातील नारिंगी रंग नंतर दिलेला आहे.

तबकडीतील ‘प्रत्येक काळी फट म्हणजे एक ग्रह’ हे लेखकाचे विधान मात्र जसेच्या तसे स्वीकारू नये. घडणारे ग्रह धूळ बाजूला सारतात हे स्पष्टीकरण बळकट आहे, पण वायू गोठण्याच्या सीमा किंवा चुंबकीय क्षेत्रे यांमुळेही अशा फटी उमटू शकतात. तबकडीच्या पोकळीत घडत असलेल्या ग्रहाचे निःसंदिग्ध छायाचित्र २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले, तेही दुसऱ्याच, पीडीएस ७० या ताऱ्याभोवतीचे. – संपा.