रुळांवरील अक्षरें

शिलालेख, ताम्रपट व सनदा यांचें मोल या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. परंतु ज्यावर साल उमटलेलें असतें असें एक साधन आपल्या दाराशीं पडलें असतां तिकडे संग्राहकांचें लक्ष फारसें जात नाहीं. तें साधन म्हणजे आगगाडीचा रूळ होय.

रुळाचें डोकें व तळ यांस जोडणारी जी उभी पट्टी, तिच्या बाजूस उठावाचीं अक्षरें असतात. तप्त धातु ज्या दंडगोलांमधून लाटतात, त्यांवर हीं अक्षरें उलटीं व खोल कोरलेलीं असल्यामुळें रुळावर तीं सुलटीं उठून दिसतात. दंडगोलाच्या प्रत्येक फेऱ्यागणिक तोच लेख पुनः उमटतो. त्यांत बहुधा कारखान्याची खूण, रुळाचें वजन व घडणीचें साल असतें. महिना कांहीं कारखाने उभ्या रेघांनीं दाखवीत. एके ठिकाणीं गंजून गेलेलें अक्षर पुढें दुसऱ्या ठिकाणीं मिळूं शकतें, ही सोय ताम्रपटांत नाहीं.

मात्र हें साल रूळ लाटल्याचें, घातल्याचें नव्हे. मुख्य मार्गावरून काढलेला रूळ धड असल्यास शाखेवर अगर यार्डांत घालतात, आणि शेवटीं त्याचा खांब होतो. जुन्या देवळाचा लेखयुक्त दगड गढीच्या भिंतींत सांपडावा, तसाच हा प्रकार. खांब मूळचाच असेल तर इमारत त्या सालापूर्वींची नव्हे, एवढेंच त्यावरून सिद्ध होतें.

अत्यंत जुने रूळ दुर्मिळ कां, याचें कारण धातूंत आहे. ता. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदर ते ठाणें हा २१ मैलांचा मार्ग सुरू झाला, तेव्हां रूळ पोलादाचे नव्हते, घडीव लोखंडाचे होते. इंग्लंडांत डर्बी स्थानकांतील वर्दळीच्या जागीं असले रूळ सहा महिन्यांच्या आंत बदलावे लागत. तेथेंच १८५७ सालीं घातलेला मशेट यांच्या पोलादाचा रूळ १८७३ पर्यंत टिकला.

पूर्वीं हें बदलण्याचें काम मुकादमाची टोळी करी. माणसें पहारींनीं रूळ सरकवीत, एकेक स्लीपर काढीत व बीटरनें खालीं खडी ठोकीत. प्रत्येक रूळ हाताखालून जाई. आतां रूळ व स्लीपर यांची जोडलेली चौकटच उचलतात. दोहों बाजूंस तात्पुरते रूळ घालून त्यांवर चालणाऱ्या याऱ्या जुनी चौकट काढून नवी ठेवतात. मागून टँपिंग यंत्र आपलीं पोलादी बोटें खडींत खुपसून, कंप देत, ती स्लीपरखालीं दाबतें. माणसाचे कष्ट वांचले, हें इष्टच झालें. परंतु निरुपयोगी ठरलेले रूळ एकदम भंगारांत व तेथून भट्टींत जातात, आणि लेख वाचणारें कोणी मध्यें उरत नाहीं.

ताम्रपट वितळविणाऱ्या तांबटास आपण दोष देत आलों. येथें तर आपण स्वतःच स्वस्थ बसलों आहों. आमची सूचना एवढीच कीं, चालत्या मार्गावर न जातां, कुंपणाचे व जुन्या छपरांचे खांब पाहावे. मालकाची परवानगी घ्यावी. गंज हळूच झाडावा. वर कागद धरून शिसपेन्सिलीनें ठसा उठवावा. आणि स्थळ, उंची व तळाची रुंदी त्यावरच टिपावी. ठशावर स्थळ नसेल तर त्याचें अर्धें मोल गेलें असें समजावें.