एरंडेलाचे गोत्र

वेगवान मोटारीच्या तेलाचा इतिहास एरंडेलापासून सांगता येतो. चार्ल्स वेकफील्ड यांच्या इंग्लंडमधील पेढीने १९०९ साली खनिज तेलात एरंडेल मिसळून ‘कॅस्ट्रॉल’ विकावयास आणले. नावही त्यावरूनच पडले. एरंडेल तापल्या धातूला चिकटून राही, पण कालांतराने त्याचा डिंकासारखा थर साचे. १९३० नंतरच्या दशकात जर्मनीत हेर्मान त्सोर्न यांनी एस्टर वर्गातील संश्लिष्ट तेलांवर संशोधन केले. गंमत अशी की, एरंडेलही एस्टरांच्याच गोत्रातले!

फ्रान्सच्या मोतुल कंपनीने १९७१ साली मोटारींसाठी संपूर्ण संश्लिष्ट तेल काढले. परंतु ‘संश्लिष्ट’ या शब्दावर विसंबणे मला पटत नाही. १९९९ साली अमेरिकेत मोबिल व कॅस्ट्रॉल यांच्या वादात जाहिरात-लवादाने कॅस्ट्रॉलच्या बाजूने कौल दिला. तेव्हापासून विशेष प्रक्रिया केलेल्या खनिज तेलासही तेथे हे बिरुद मिळू लागले.

मग निवड कशी करावी? बीएमडब्ल्यूची २००० साली आलेली एम३ पाहा. तिचे इंजिन मिनिटाला आठ हजारांपर्यंत फेरे घेई. त्यास १०डब्ल्यू-६० तेल सांगितले गेले. पहिला आकडा थंडीतील प्रवाहितेचा, दुसरा तापल्यावरच्या दाटपणाचा. यावरून ‘जितके दाट तितके उत्तम’ असे कित्येक हौशी मंडळींनी ठरवून टाकले. पण २०१४च्या एम३ला, नाव तेच असूनही, त्याहून पातळ तेल लागते; कारण इंजिनाची रचनाच बदलली. दाटपणाबरोबर कंपनीचा मान्यता-संकेतही जुळावा लागतो. तो मोटारीच्या पुस्तिकेत दिलेला असतो, आणि डब्याच्या मागील बाजूस बारीक अक्षरांत छापलेला आढळतो.